मॉर्फियस की हिप्नॉस? ग्रीक आणि रोमन निद्रादेवाविषयी

पानगळ (रात्री ९.१०)

नमस्कार. आमच्या गावातील वाचनालयाने नुकतीच एक प्रश्नमंजुषा घेतली. तीत ‘ग्रीक पुराणकथांतील निद्रेचा देव कोण?’ असा एक प्रश्न होता. मी ‘हिप्नॉस’ असे उत्तर लिहिले आणि माझा गुण गेला, कारण परीक्षकांकडच्या कागदावर ‘मॉर्फियस’ असे छापलेले होते. गुण गेल्याचे दुःख नाही असे म्हणवत नाही, परंतु त्या निमित्ताने थोडे वाचन झाले आणि मनात दोन प्रश्न उभे राहिले.

पहिला प्रश्न अर्थातच या दोघांपैकी खरा निद्रादेव कोणता, हा. दुसरा मला अधिक छळतो आहे. होमर या प्राचीन ग्रीक कवीच्या काव्यात हिप्नॉस देवांचा राजा असलेल्या खुद्द झ्यूसला झोपवू शकतो. एवढे सामर्थ्य असलेल्या देवाचे एकही मोठे देवालय कसे नाही, त्याचा एखादा नावाजलेला उत्सव कसा नाही? माझे मत असे झाले आहे की आपण जसे ‘निद्रादेवीची आराधना’ हे शब्द थोड्या थट्टेने वापरतो, तसाच ग्रीकांचा हिप्नॉस हा केवळ बोलण्यातला देव असावा. त्याच्याविषयी कोणाला भीती नव्हती आणि भक्तीही नव्हती, जिव्हाळा तेवढा होता. जाणकारांनी माझी चूक दाखवून द्यावी.

अर्धाचहा (रात्री ९.२२)

झोपेच्या देवाचे देऊळ का नव्हते, याचे उत्तर उघड आहे. काकड आरतीला पुजारी उठणार कसा?

जुनीपाने (रात्री १०.०५)

पानगळ, तुमचा गुण तुम्हांला परत मिळायला हवा. निद्रेचा देव हिप्नॉस. रोमन लोक त्याला सोम्नुस म्हणत. मॉर्फियस हे त्याच्या मुलाचे नाव असून ते आपल्याला ओव्हिड या रोमन कवीकडून मिळाले आहे. मॉर्फियसचे काम स्वप्नात माणसांची रूपे घेण्याचे. ‘मॉर्फे’ म्हणजे रूप किंवा आकार.

आता होमरच्या ‘इलियड’ या महाकाव्याच्या १४व्या सर्गातील प्रसंग सविस्तर सांगतो, कारण ‘तो झ्यूसला झोपवू शकतो’ एवढ्यावर थांबले तर या देवाचा स्वभाव कळत नाही. ट्रॉयच्या युद्धात ग्रीकांची पीछेहाट होत असते आणि झ्यूसची नजर दुसरीकडे वळवल्याशिवाय त्याची पत्नी हेरा हिला आपल्या, म्हणजे ग्रीकांच्या, पक्षाला साहाय्य करता येत नसते. ती लेम्नॉस बेटावर जाऊन हिप्नॉसला गाठते. झ्यूसला झोपवलेस तर देवांचा कारागीर हेफेस्टस याने घडवलेले सोन्याचे सिंहासन देईन, मेजवानीच्या वेळी पाय टेकवायला सोबत पायपीठही असेल, असे आमिष ती दाखवते. हिप्नॉस चक्क नकार देतो. तो म्हणतो की दुसऱ्या कोणत्याही देवाला, अगदी ओकेयानोस या जगाला वेढणाऱ्या नदीच्या प्रवाहांनाही मी सहज झोपवीन, पण झ्यूसने स्वतः सांगितल्याखेरीज त्याच्या जवळ मी जाणार नाही. कारण त्याने एकदा हात पोळून घेतलेले असतात. हेराक्लीझ हा वीर ट्रॉय लुटून परत निघाला, तेव्हा हेराच्याच सांगण्यावरून हिप्नॉसने झ्यूसला झोपवले होते आणि तेवढ्या वेळात हेराने समुद्रात वादळ उठवले होते. जाग आल्यावर झ्यूसने देवांना घरभर फेकाफेक करून हिप्नॉसचा शोध चालवला. तो हाती लागता तर आकाशातून थेट समुद्रात भिरकावला गेला असता. त्याने पळत जाऊन आईचा, म्हणजे रात्रीचा, आसरा घेतला आणि रात्रीला दुखवण्याची हिंमत नसल्याने झ्यूस राग गिळून परतला.

त्या नकारानंतर हेरा किंमत वाढवते. पासिथेआ नावाची एक तरुण सौंदर्यदेवता त्याला पत्नी म्हणून द्यायचे ती कबूल करते. ते ऐकताच हिप्नॉस हरखतो, मात्र व्यवहार पक्का केल्याशिवाय पाऊल उचलत नाही. एक हात जमिनीवर आणि दुसरा समुद्रावर ठेवून स्टिक्स नदीची शपथ घे, म्हणजे पाताळातले देव साक्षीला राहतील, असे तो हेराला बजावतो. मग दोघे इडा पर्वतावर जातात आणि हा देव पक्ष्याचे रूप घेऊन एका उंच वृक्षाच्या फांद्यांत दडून बसतो.

हे वाचल्यावर ‘केवळ बोलण्यातला देव’ हे शब्द मला पटत नाहीत. ज्याला जुनी भीती आठवते, जो लाच नाकारतो आणि मोठी लाच आली की स्वीकारतो, तो तर चांगला हाडामांसाचा झाला.

शब्दवेडी (रात्री १०.४०)

जुनीपाने यांनी आईचा उल्लेख केला, म्हणून भाषेच्या अंगाने थोडे लिहिते. ‘हिप्नॉस’, लॅटिन ‘सोम्नुस’ आणि आपला ‘स्वप्न’ हे तिन्ही शब्द एकाच मूळ धातूपासून निघाले आहेत. ग्रीकमध्ये शब्दारंभीच्या ‘स’चा बहुधा ‘ह’ होतो, जसे आपले ‘सप्त’ आणि त्यांचे ‘हेप्टा’. संस्कृतात ‘स्वप्न’ म्हणजे मुळात झोप. झोपेत दिसणारे दृश्य हा अर्थही त्याला आहे आणि मराठीत तेवढाच उरला. ‘सुप्त’ आणि ‘सुषुप्ती’ यांत मात्र जुना अर्थ अजून टिकून आहे. रात्रीची देवता निक्स, लॅटिन ‘नॉक्स’ आणि आपल्या व्रतांतले ‘नक्त’ हेही एकाच घरातले. थोडक्यात, त्या माय-लेकांची नावे आपल्याला परकी नाहीत, फक्त चेहरे अनोळखी आहेत.

मग आपली निद्रा ‘देवी’ आणि त्यांचा हिप्नॉस ‘देव’ असे का? मला याचे कारण व्याकरणात दिसते. ‘निद्रा’ स्त्रीलिंगी, ‘हिप्नॉस’ आणि ‘सोम्नुस’ पुल्लिंगी. शब्दाचे लिंगच देवतेला मिळाले. ग्रीकमध्ये मृत्यू, म्हणजे थॅनटॉस, हाही पुल्लिंगी असल्याने निद्रा आणि मृत्यू हे भाऊ ठरले. लॅटिनमध्ये मात्र ‘मॉर्स’ म्हणजे मृत्यू स्त्रीलिंगी आहे. म्हणून की काय, रोमन कवी व्हर्जिल याने पाताळाच्या उंबरठ्यावर झोपेला मृत्यूचा सगा म्हणताना ‘मॉर्स’ टाळून ‘लेटुम’ हा नपुंसकलिंगी शब्द वापरला. त्याने तो याच कारणाने निवडला असे सिद्ध करता येणार नाही, पण भावाची बहीण होण्याचा पेच त्यामुळे टळला, हे नक्की.

निशाचर (रात्री ११.३५)

मी रात्रपाळीचा माणूस असल्यामुळे या देवाशी माझे संबंध ताणलेले आहेत. त्यामुळे पानगळ यांच्या ‘जिव्हाळा’ या शब्दाला माझी हरकत आहे.

होमरचे दुसरे महाकाव्य ‘ओडिसी’ वाचताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली. त्याचा नायक ओडिसियस ज्या ज्या वेळी झोपतो, त्या त्या वेळी घात होतो. वायूंचा स्वामी एओलस त्याला प्रतिकूल वारे पिशवीत बांधून देतो. नऊ दिवस हा स्वतः शीड सांभाळतो, दहाव्या दिवशी मायदेशाचा किनारा दिसू लागतो, आणि नेमका तेव्हाच याचा डोळा लागतो. सोबत्यांना वाटते की पिशवीत सोने-चांदी आहे. ते गाठ सोडतात आणि वादळ जहाजे पुन्हा मागे नेऊन सोडते. पुढे सूर्यदेवाच्या बेटावरही तेच. तो प्रार्थना करायला बाजूला जातो, देव त्याच्या पापण्यांवर झोप ओततात आणि तेवढ्यात उपाशी सोबती सूर्याची गुरे कापतात. जाग आल्यावर तो झ्यूसला उद्देशून आक्रोश करतो की या निर्दय झोपेत मला तुम्ही माझ्या नाशासाठी टाकलेत.

मालक, ज्या माणसाने पहाटे चार वाजता यंत्रासमोर पेंग आवरली आहे, त्याला हा आक्रोश समजावून सांगावा लागत नाही.

तगर (रात्री ११.५८)

निशाचर, तोच ओडिसियस शेवटी घरी पोहोचतो तेही झोपेतच, हे तुम्ही सांगितले नाही. फिएशियन खलाशी त्याला जहाजातून इथाकाला आणतात, तेव्हा त्याच्यावर मृत्यूशी अगदी मिळतीजुळती अशी गाढ आणि गोड झोप उतरलेली असते. ज्याने आयुष्यभर लाटा आणि युद्धे सोसली, तो त्या रात्री सारे विसरून निजतो आणि खलाशी त्याला अंथरुणासकट उचलून किनाऱ्यावर ठेवतात. होमर झोपेला ‘गात्रे सैल करणारी’ असे विशेषण देतो आणि एके ठिकाणी त्याच शब्दाशी खेळून ती काळज्यांच्या गाठीही सैल करते असे सुचवतो. घातकी देवाचे हे वर्णन नव्हे.

गुंगी (रात्री १२.१५)

मी व्यवसायाने भूलतज्ज्ञ आहे, त्यामुळे पानगळ यांच्या परीक्षकांची चूक कोठून आली असेल याचा एक धागा माझ्या कामाच्या टेबलापर्यंत येतो. फ्रीड्रिख सेर्ट्युर्नर या जर्मन औषधनिर्मात्याने १९व्या शतकाच्या पहिल्या दशकात पाडरबोर्न येथील औषधालयात काम करताना अफूतील मुख्य द्रव्य वेगळे काढले. १८१७ सालच्या लेखात त्याने त्याला ‘मॉर्फियम’ असे नाव दिले, ते मॉर्फियसवरून. हेच आजचे मॉर्फीन. औषधाने गुंगी येते म्हणून मॉर्फियस हा झोपेचाच देव, असा समज त्यानंतर अधिक घट्ट झाला असावा. वास्तविक मॉर्फीन हे मुख्यतः वेदनाशामक आहे. झोप हा त्याचा सोबतचा परिणाम.

हिप्नॉसच्या वाट्याला आमच्या शास्त्रात वेगळा शब्द आला. मँचेस्टरमध्ये काम करणाऱ्या जेम्स ब्रेड या स्कॉटिश शल्यचिकित्सकाने १८४३ साली संमोहनावर ग्रंथ प्रसिद्ध केला आणि ‘हिप्नॉटिझम’ हा शब्द त्याच्यामुळे रूढ झाला. त्या अवस्थेला झोप म्हणणे योग्य नाही, हे पुढे त्यालाही जाणवले. म्हणजे बाप आणि मुलगा या दोघांचीही नावे नेमक्या झोपेला लागलीच नाहीत.

अर्धाचहा (रात्री १२.२१)

अफूचा विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. आमच्याकडे दिवाळीत अनारशांवर जी खसखस पसरतात, ती याच झाडाची ना? तसे असेल तर फराळानंतर सबंध घर दुपारी आडवे का होते, याचा उलगडा झाला.

गुंगी (रात्री १२.३०)

झाड तेच आहे. लिनियस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १७५३ साली त्याचे शास्त्रीय नाव ‘पापावेर सोम्निफेरुम’, म्हणजे ‘झोप आणणारी खसखस’, असे ठेवले आणि त्यात सोम्नुस बसलेला आहे. अफू मात्र कच्च्या बोंडाला चिरे दिल्यावर पाझरणाऱ्या चिकातून मिळते; बियांत तिचा अंश नगण्य असतो. दुपारच्या निद्रेचा दोष तुपाला आणि साखरेला द्यावा.

तगर (रात्री १२.५२)

अफूच्या फुलांवरून ओव्हिडची गुहा आठवली. रोमन लोकांनी या देवाला काय दिले असा प्रश्न कोणी विचारला, तर मी म्हणेन की त्यांनी त्याला घर दिले. हेसिओड या जुन्या ग्रीक कवीने त्याचे घर पाताळात, रात्रीच्या शेजारी दाखवले होते, पण ते आतून कसे आहे हे सांगितले नव्हते.

ओव्हिडच्या ‘मेटामॉर्फसिस’च्या ११व्या खंडात ते वर्णन आहे. हे काव्य इ.स. ८च्या सुमारास पूर्ण झाले. किम्मेरियन लोकांच्या प्रदेशाजवळ एका डोंगराच्या पोटात खोल गुहा आहे. तेथे सूर्य उगवताना, माथ्यावर असताना किंवा मावळताना, कधीच पोहोचत नाही. पहाट जागवायला कोंबडा नाही, राखणीला कुत्री नाहीत, आणि त्यांच्याहूनही सावध असणारी हंसबदकेही नाहीत. (रोमवरील हल्ल्याच्या वेळी कॅपिटॉल टेकडीवरच्या बदकांनीच गलका करून पहारेकऱ्यांना उठवले, ही कथा रोमच्या लहान मुलालाही ठाऊक होती, तिचा हा चिमटा आहे.) खडकाच्या तळातून विस्मृतीची नदी लेथे गोट्यांवरून कुजबुजत वाहते आणि तेवढाच तेथला आवाज. दारापुढे अफूची झाडे बहरलेली आहेत आणि त्यांच्यातून रात्र झोप गोळा करून पृथ्वीवर शिंपडते. बिजागरी करकरू नये म्हणून घराला दारच ठेवलेले नाही. मधोमध काळ्या लाकडाचा उंच पलंग असून त्यावर काळे पांघरूण आहे आणि त्यावर हा देव गात्रे सैल सोडून पडला आहे. त्याच्या भोवती स्वप्ने पडली आहेत, शेतातल्या कणसांइतकी असंख्य.

तेथे जूनोची (हेराचे हे रोमन नाव) दूती आयरिस निरोप घेऊन येते, कारण सिईक्स राजा समुद्रात बुडाला आहे आणि त्याची पत्नी अल्किओनी हे ठाऊक नसल्याने रोज त्याच्यासाठी प्रार्थना करते आहे. तिला स्वप्नातून खरे काय ते कळवायचे असते. आयरिसच्या वस्त्रांच्या तेजाने गुहा उजळते. देव कसेबसे डोळे उघडतो, मान पुन्हा पुन्हा खाली पडून हनुवटी छातीवर आदळते आणि शेवटी, ओव्हिडच्या शब्दांत, तो ‘स्वतःला स्वतःमधून झटकून टाकतो’. झोपेला झोपेतून उठवण्यासाठी याहून नेमके क्रियापद मला तरी माहीत नाही. निरोप सांगून आयरिस घाईने निघते, कारण तिच्याही अंगात झोप भिनू लागलेली असते.

मग तो आपल्या हजार मुलांतून मॉर्फियसला निवडतो. माणसाची चाल, चेहरा, बोलणे आणि वस्त्रे यांची हुबेहूब नक्कल हा मुलगा करतो. दुसऱ्या मुलाला देव इकेलॉस म्हणतात आणि माणसे फोबेटॉर. तो पशू, पक्षी आणि सर्प होतो. तिसरा फँटॅसॉस, तो माती, खडक, पाणी, लाकूड अशी निर्जीव रूपे घेतो. मॉर्फियस बुडालेल्या सिईक्सचे रूप घेऊन, केसांतून पाणी ठिबकत असलेला असा, अल्किओनीच्या उशाशी उभा राहतो. आणि बाप? काम सोपवून झाल्याबरोबर त्याची मान कलते आणि तो पांघरुणात शिरतो.

सह्यकडा (सकाळी ६.२०)

रात्रभर चर्चा रंगलेली दिसते. मला देवीमाहात्म्यातील योगनिद्रेची आठवण झाली. विष्णू शेषावर निजलेले असताना मधु आणि कैटभ ब्रह्मदेवावर चालून येतात, तेव्हा ब्रह्मदेव विष्णूंना हाक मारत बसत नाही. तो विष्णूंच्या डोळ्यांत वसलेल्या योगनिद्रेची स्तुती करतो आणि ती बाहेर पडल्यावर विष्णू जागे होतात. तेथेही सर्वश्रेष्ठ देवावर निद्रेची सत्ता चालते. याचा आणि झ्यूसच्या कथेचा काही संबंध असेल का?

शब्दवेडी (सकाळी ७.०५)

सह्यकडा, साम्य लक्षवेधी आहे, परंतु शब्द एका मुळाचे असले म्हणून कथाही एका मुळाच्या ठरत नाहीत. शिवाय दोन्हींचा रोख उलटा आहे. आपल्याकडे देवाला उठवायचे असते, त्यांच्याकडे निजवायचे. आपली योगनिद्रा ही महामाया असल्याने ती स्तुतीने प्रसन्न होते. हिप्नॉसला मात्र सिंहासन चालत नाही, बायको लागते.

घाटवाट (सकाळी ९.४०)

हा देव दिसायचा कसा, यावर अजून कोणी लिहिलेले नाही, म्हणून लिहितो. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये हिप्नॉसचे कांस्य मस्तक आहे. ते इटलीत पेरुजियाजवळ सापडले आणि जुन्या ग्रीक शिल्पावरून केलेली ती रोमन काळातील प्रत मानली जाते. तरुण मुलाचा किंचित खाली झुकलेला चेहरा आणि कानशिलातून फुटलेला एक पंख. दुसऱ्या बाजूचा पंख नाहीसा झाला आहे. मुलाकडे लंडनला गेलो असताना मी त्या काचेपुढे बराच वेळ उभा होतो आणि सारखे मनात येत होते की आपण ‘झोप उडाली’ म्हणतो, ते या माणसाला पाहिल्यावर शब्दशः खरे वाटते.

याच्या कितीतरी आधीचे एक चित्र अगदी वेगळे आहे. इ.स.पूर्व ५१५च्या सुमारास अथेन्सच्या युफ्रोनिऑस या चित्रकाराने एका मोठ्या मद्यकुंभावर सार्पीडॉनचा मृत्यू रंगवला. झ्यूसचा हा पुत्र ट्रॉयच्या रणांगणावर पडतो आणि झ्यूसच्या इच्छेनुसार निद्रा आणि मृत्यू हे जुळे भाऊ त्याचा देह उचलून त्याच्या लिशिया देशी नेतात, हा इलियडच्या १६व्या सर्गातील प्रसंग आहे. त्या कुंभावर दोघेही दाढीवाले, चिलखत घातलेले आणि पंख असलेले योद्धे आहेत. शेजारी नावे लिहिलेली नसती, तर झोप कोणती आणि मृत्यू कोणता हे सांगता येणार नाही, इतके ते सारखे आहेत. त्या कुंभाचीही कथा आहे. इटलीतील चेर्वेतेरीजवळच्या एका थडग्यातून तो चोरून काढण्यात आला, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने १९७२ साली तो १० लाख डॉलरांना घेतला आणि २००८ साली तो इटलीला परत केला.

मला या चित्रात भीती दिसत नाही. मेलेल्या मुलाला घरी पोहोचवण्यासाठी बापाने मृत्यूच्या जोडीला झोपेला पाठवले, यात माया आहे.

जुनीपाने (सकाळी ११.१५)

घाटवाट यांच्या प्रतिसादाने मूळ प्रश्नाकडे परतण्याची वाट मोकळी केली. ‘देवालय नव्हते’ हे पानगळ यांचे विधान मोठ्या देवालयापुरते ठीक आहे, पण पूजा नव्हती असे मात्र म्हणता येत नाही. इ.स.च्या दुसऱ्या शतकात ग्रीस हिंडून प्रवासवर्णन लिहिणाऱ्या पाउसेनियसने या देवाच्या खुणा ठिकठिकाणी नोंदवल्या आहेत.

ट्रोझेन येथे कलादेवता म्यूझ आणि हिप्नॉस यांना एकत्र बळी अर्पण करण्याची एक जुनी वेदी होती, कारण म्यूझना सर्वांत प्रिय असलेला देव हिप्नॉस, असे तेथील लोक म्हणत. (दुपारी वामकुक्षी घेणाऱ्या लेखकांनी हे वाक्य चौकटीत लावून ठेवावे.) स्पार्टात निद्रा आणि मृत्यू यांच्या मूर्ती होत्या. ऑलिंपियात हेराच्या मंदिरातील एका नक्षीदार पेटीवर रात्र दोन मुलांना कुशीत घेऊन उभी होती. एक मूल गोरे व झोपलेले, दुसरे काळे व झोपल्यासारखे दिसणारे.

सर्वांत महत्त्वाची नोंद सिकिऑनची आहे, कारण तेथे हिप्नॉस आरोग्यदेव अस्क्लेपिओस याच्या देवस्थानात सापडतो. एका मूर्तीचे तेव्हाच फक्त मस्तक उरलेले होते. दुसऱ्या मूर्तीत तो एका सिंहाला झोपवत होता आणि त्या हिप्नॉसला ‘एपिडोटेस’, म्हणजे उदार दाता, असे उपपद होते. शेजारी स्वप्नाचीही मूर्ती होती. अस्क्लेपिओसच्या देवस्थानांत रोगी रात्री मुक्कामाला निजत आणि देव स्वप्नात येऊन उपचार करतो किंवा सांगतो अशी श्रद्धा असे. एपिडॉरस येथे अशा बऱ्या झालेल्यांच्या कथा शिलालेखांत कोरलेल्या आहेत. ज्या दवाखान्यात औषध झोपेतूनच मिळते, तेथे झोपेची मूर्ती दाराशी असणे स्वाभाविकच होते. वेगळे देवालय नव्हते, कारण त्याचे काम नेहमी दुसऱ्या कोणाच्या तरी घरी असे.

गुंगी (दुपारी १.०५)

जुनीपाने, तुमचे शेवटचे वाक्य वाचून मी हसलो. भूलतज्ज्ञाची स्थिती तंतोतंत अशीच असते. रोगी आभार मानतो ते शल्यचिकित्सकाचे.

सोफोक्लीझच्या ‘फिलॉक्टेटीझ’ या इ.स.पूर्व ४०९ मधील नाटकातही तुमच्या म्हणण्याला आधार सापडतो. पायाच्या जखमेने तळमळणाऱ्या नायकाला झोप लागते, तेव्हा नाटकातला गायकवृंद हिप्नॉसला आळवतो आणि वेदना न जाणणाऱ्या, आरोग्य देणाऱ्या देवा, ये, असे म्हणतो. नाटकाचे स्थळ लेम्नॉस आहे, म्हणजे हेरा त्याला जेथे भेटली तेच बेट.

निशाचर (दुपारी ४.३०)

एवढा सद्गुणांचा पाऊस पडल्यावर मला विरोधी पक्षाची बाजू पुन्हा मांडावी लागते आहे. व्हर्जिलच्या ‘एनिड’ या महाकाव्याच्या ५व्या सर्गाविषयी कोणीच कसे बोलत नाही? शांत समुद्रावर ट्रॉयचा वीर एनियस याचे जहाज चालले आहे, सगळे खलाशी निजले आहेत आणि सुकाणूवर एकटा पॅलिन्युरस जागा आहे. सोम्नुस ओळखीच्या माणसाचे रूप घेऊन त्याच्याजवळ बसतो आणि म्हणतो की समुद्र शांत आहे, थोडा टेक, तोवर मी सुकाणू धरतो. पॅलिन्युरस वर न पाहता उत्तर देतो की या समुद्राच्या शांत चेहऱ्यावर विश्वास ठेवायला मला सांगतोस का? तेव्हा तो देव लेथेच्या पाण्यात भिजवलेली फांदी त्याच्या कपाळावरून झटकतो आणि डोळे मिटताच त्याला सुकाणूसकट समुद्रात ढकलतो. ज्या माणसाने आपले काम चोख केले, ज्याने देवाला स्पष्ट नकार दिला, त्याचा हा बळी. इटलीच्या त्या किनाऱ्यावरील भूशिराला आजही पालिनुरो म्हणतात.

रात्रपाळीच्या प्रत्येक कामगाराने हा प्रसंग वाचावा. आणि परीक्षकांना सांगावे की दोन्ही नावे चालतील, पण वर्तणुकीचा दाखला देऊ नये.

तगर (सायंकाळी ६.१०)

निशाचर, येथे मी हार मानते. व्हर्जिलचा सोम्नुस खरोखर क्रूर आहे. मात्र त्या आधी समुद्रदेव नेपच्यूनने, अनेकांच्या बदल्यात एकाचा जीव लागेल, असे ठरवलेले असते. म्हणजे येथेही हा देव दुसऱ्याच्या कामावर आहे.

रानपाखरू (रात्री ८.००)

मी पक्षीनिरीक्षक असल्याने माझे लक्ष इडा पर्वतावरील झाडात अडकले आहे. जुनीपाने, हिप्नॉसने कोणत्या पक्ष्याचे रूप घेतले होते?

जुनीपाने (रात्री ८.२५)

होमर म्हणतो की त्या डोंगरी पक्ष्याला देव ‘खाल्किस’ म्हणतात आणि माणसे ‘किमिन्डिस’. ॲरिस्टॉटलने किमिन्डिसचे वर्णन केले आहे. डोंगरात राहणारा, क्वचित दिसणारा, काळा, ससाण्याएवढा, अंगाने लांब आणि सडपातळ.

रानपाखरू (रात्री ८.३३)

एवढ्या वर्णनावर कोणताही पक्षीनिरीक्षक ओळख पटवण्याचे धाडस करणार नाही. काही अभ्यासक त्याला घुबड मानतात, असे वाचले आहे. झोपेने घुबडाचे रूप घ्यावे, म्हणजे रात्रभर जागणाऱ्या पक्ष्याचे, ही कल्पना मला मात्र आवडली.

पानगळ (रात्री १०.१५)

सर्वांचे मनापासून आभार. ‘केवळ बोलण्यातला देव’ हे माझे विधान मी मागे घेतो. ‘जिव्हाळा’ हा शब्द निशाचर यांच्यामुळे अर्धा मागे घेतो.

मॉर्फियसविषयी आज आणखी एक गोष्ट कळली. १४व्या शतकातील इंग्रज कवी चॉसर याने आपल्या एका आरंभीच्या दीर्घकाव्यात सिईक्स आणि अल्किओनीची कथा घेतली, तेव्हा सोम्नुसची जागा त्याने मॉर्फियसला देऊन त्यालाच झोपेचा देव म्हटले. निद्रानाशाने पछाडलेला त्यातील निवेदक झोप मिळावी म्हणून मॉर्फियसला शुभ्र कबुतरांच्या पिसांची गादी नवस म्हणून बोलतो. तेव्हा आमच्या परीक्षकांची चूक निदान ६०० वर्षे जुनी आणि थोर परंपरेतील आहे. मी त्यांना हा सगळा धागा छापून दिला. त्यांनी तो उशाशी ठेवला आहे, असे कळते.

निशाचर (पहाटे ३.२०)

आज सुट्टी असूनही झोप नाही, म्हणून आपल्या सर्वांच्या वतीने स्टेशियसला घेऊन आलो आहे. इ.स.च्या पहिल्या शतकातील या रोमन कवीने सोम्नुसला उद्देशून १९ ओळींची एक कविता लिहिली आहे. माझ्या कोणत्या अपराधासाठी तुझे दान मला एकट्याला मिळत नाही, असे तो विचारतो. गुरे, पाखरे, श्वापदे सारी गप्प आहेत, झाडांचे शेंडे पेंगल्यासारखे वाकले आहेत, समुद्रही जमिनीला टेकून पडला आहे; आणि याचे डोळे मात्र टक्क उघडे. मग तो म्हणतो की कोठे कोणी प्रियकर तुला आपणहून हाकलून देत असेल, तर तेथून इकडे ये. तुझे पंख माझ्या डोळ्यांवर पूर्ण पसरावेस असे मी मागत नाही, ते सुखी लोकांनी मागावे. तुझ्या छडीचे टोक नुसते लाव, किंवा पाय न वाजवता जवळून निघून जा.

अर्धाचहा (सकाळी ७.४५)

मग त्याला झोप लागली का?

निशाचर (सकाळी ७.५०)

कविता तेथेच संपते.